म्युनिकहून निघालेला तांडा

१९७८ साली म्युनिकहून वादकांचा एक तांडा रस्त्याने भारताकडे निघाला. बरोबर गिटार, ड्रम, व्हायब्राफोन, सॅक्सोफोन, ध्वनिमुद्रणाचं सामान आणि हे सगळं कॅमेऱ्यात टिपायला वेर्नर पेंझेल हा दिग्दर्शक. त्या काळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत युरोपातून भारतात यायचा रस्ता उघडा होता, आणि पाश्चात्त्य तरुणांचे थवेच्या थवे त्यावरून ये-जा करत. पण हा तांडा निघाला तो काळ विलक्षण होता. अफगाणिस्तानात एप्रिल १९७८ मध्ये सत्तापालट झालेला. इराणात शहांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरलेले. १९७९ च्या जानेवारीत शहा देश सोडून गेले, फेब्रुवारीत खोमेनी परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. रस्ता बंद व्हायच्या बेतात असताना ही मंडळी त्यावरून गेली. नुसती गेली नाहीत. वाटेत जिथे वादक भेटतील तिथे बसली, त्यांच्याबरोबर वाजवलं, त्यांचं ऐकलं आणि टेपवर उतरवून घेतलं. काबूलमध्ये अफगाण वादकांच्या मांडीला मांडी लावून बसणारे हे जर्मन पुढे बंगळूरमध्ये मृदंगमच्या समोर बसले.

या बँडचं नाव एम्ब्रियो. रॉक ऐकणाऱ्या माणसालाही ते माहीत असेलच असं नाही. त्यांचं एकही गाणं कधी जगभर गाजलं नाही. तरीही स्थापनेपासून आजवर चारशेहून अधिक वादक या नावाखाली वाजवून गेले, आणि त्यांतल्या काही नावांची मुळं मुंबईत आहेत, काहींची थेट आमच्या चेन्नईत. मी चेन्नईच्या दक्षिण भागात, वेलचेरीला राहते. इथल्या देवळातून रोज कानावर पडणारं वाद्य १९७३ साली एका जर्मन रॉक बँडच्या तबकडीवर वाजलं होतं, हे कळल्यापासून या बँडने मला सोडलेलं नाही.

सुरुवात १९६९ ची. बव्हेरियातल्या होफ गावचा ख्रिस्तियान बुर्खार्ड हा ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणारा तरुण, आणि एड्गार होफमान हा सॅक्सोफोन नि व्हायोलिन वाजवणारा त्याचा सोबती, या दोघांनी म्युनिकमध्ये एम्ब्रियोची जुळवाजुळव केली. बुर्खार्डचं घडणं जॅझमध्ये झालेलं. माल वॉल्ड्रन हा अमेरिकन पियानोवादक तेव्हा म्युनिकला येऊन स्थायिक झाला होता. बिली हॉलिडेच्या शेवटच्या वर्षांत तिच्या गाण्याला पियानोची साथ केली ती याच वॉल्ड्रनने. बुर्खार्ड त्याच्याबरोबर वाजवत असे आणि पुढे वॉल्ड्रनच एम्ब्रियोच्या तबकड्यांवर येऊन वाजवून गेला. म्हणजे हार्लेमच्या क्लबांतला सूर एका फेऱ्यात बव्हेरियात पोचलेला होता.

त्या पिढीची अडचण आपल्याला चटकन कळायची नाही. १९४५ नंतर जन्मलेल्या किंवा शाळेत गेलेल्या जर्मन मुलांना आईबापांच्या काळातलं संगीत नकोसं झालं होतं. त्या सुरांना नाझी राजवटीचा वास येत होता. इंग्रज आणि अमेरिकन बँडची नक्कल करून किती दिवस काढणार? मग प्रत्येकाने आपापली वाट शोधली. ड्युसलडॉर्फच्या क्राफ्टवेर्कने यंत्रांचा आवाज जवळ केला, कोलोनच्या कान बँडने एकाच ठेक्यावर तासन्‌तास वाजवण्याचा नाद लावला, बर्लिनच्या टँजरिन ड्रीमने सिंथेसायझरमधून अंतराळ उभं केलं. इंग्रजी वृत्तपत्रांनी या सगळ्याला मिळून क्राउटरॉक म्हणायला सुरुवात केली. एम्ब्रियोला याच यादीत बसवतात खरं, पण त्यांची वाट वेगळी होती. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. १९७० ची पहिली तबकडी ‘ओपाल’ अजून रॉकच्या अंगणातलीच आहे. पण दोन-तीन वर्षांत मोरोक्कोचे ठेके त्यांच्या वाजवण्यात मुरायला लागले, आणि मग ही भूक कधी भागलीच नाही.

पैशांच्या बाबतीतही ही माणसं निराळी. मोठ्या कंपन्यांनी तबकड्या काढायच्या आणि वादकाच्या हाती चिल्लर पडायची, याला कंटाळून १९७६ मध्ये एम्ब्रियो, मिसस बीस्टली, बव्हेरियन बोलीत गाणारा श्पारिफांकाल अशा काही बँडनी एकत्र येऊन स्वतःचीच कंपनी काढली. नाव ठेवलं ‘एप्रिल’. पण त्या नावावर सीबीएसने हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी नाव बदलून ‘श्नीबाल’ केलं, म्हणजे बर्फाचा गोळा. भारताच्या प्रवासाची दुहेरी तबकडी ‘एम्ब्रियोज रायझे’ १९७९ मध्ये याच बर्फाच्या गोळ्याने काढली. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या हिशेबवहीत हा प्रवास बसला नसता. नऊ महिने घर सोडून रस्त्यावर राहायचं, नि परत येऊन जे विकायचं त्यावर अर्धी नावं अफगाण आणि कानडी वादकांची!

आता त्या १९७३ च्या तबकडीकडे येते. नाव ‘वी कीप ऑन’. तिच्यावर चार्ली मारियानो हा अमेरिकन वादक आहे. बोस्टनमधल्या इटालियन घरातला, १९२३ चा जन्म. जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसच्या १९६३ च्या प्रसिद्ध तबकडीवर आल्टो सॅक्सोफोनचा जो रडवेला सूर आहे, तो याचा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला, नाव कमावलेला हा माणूस दक्षिण भारतातलं नागस्वरम् ऐकून इतका भारला, की ते शिकायला दक्षिणेत येऊन राहिला, आणि शिकलेलं नागस्वरम् घेऊन म्युनिकच्या तरुण रॉक वादकांत जाऊन बसला.

याचं नवल का वाटावं, ते नागस्वरम् जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. वेलचेरीच्या दंडीश्वर देवळात, जिथे चोळकालीन शिलालेख आहेत, उत्सवाच्या दिवसांत मी हे वाद्य हातभर अंतरावरून ऐकते. आपल्या सनईची ही थोरली बहीण. पण लांबी अडीच-तीन फूट, आणि आवाज असा की चौकातल्या बसच्या हॉर्नलाही तो दबत नाही. नळी आच्चा नावाच्या लाकडाची असते. हा आपल्याकडचा अंजन वृक्ष, खानदेशात दिसतो तोच. चांगले कारागीर जुन्या घरांच्या तुळयांचं, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड पसंत करतात. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै गावात पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्यं घडतात, आणि त्या गावच्या नागस्वरम्‌ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोंडाशी सीवाळी, म्हणजे कावेरीकाठच्या गवताची दुहेरी पत्ती. नळीला एकूण बारा भोकं. बोटं वरच्या सातांवर फिरतात, खालची पाच वादक मेण भरून आपल्या सुराला जुळवून घेतो.

सात भोकांत अख्खा तोडी राग कसा मावतो? उत्तर भोकांत नाही, ओठांत आहे. सीवाळीवरचा ओठांचा दाब नि फुंकरीचा जोर बदलला की एकाच भोकातून श्रुतीश्रुतीने सूर सरकतो. बोट अर्धवट उचलून मींड येते. सॅक्सोफोनला धातूच्या चाव्या असतात; चावी दाबली की ठरलेला सूर. मारियानोने वर्षानुवर्षांच्या सवयीची बोटं बाजूला ठेवली आणि ओठांनी विचार करायला शिकला. ‘वी कीप ऑन’वर त्याचं नागस्वरम् ऐकताना मला तंजावूरचा मोठा विद्वान ऐकू येत नाही, हे सांगायला हवं. सूर खरखरीत आहे, कुठे कुठे ओढलेला. पण एका शिकाऊ माणसाचा प्रामाणिकपणा त्यात आहे. आणि इलेक्ट्रिक बेसच्या वर तो स्वर उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो.

याच्या उलट दिशेनेही कोणीतरी चाललं होतं, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ हे नागस्वरम् वादकाचे पुत्र. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी लहानपणी सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं की कर्नाटक संगीत यावरच वाजवायचं. चेन्नईत येऊन टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे ते घडले. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी आणि ते एकाच मंचावर वाजले, आणि तिथून त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. साधारण त्याच काळात बोस्टनचा सॅक्सोफोनवादक नागस्वरम्‌कडे आणि नागस्वरम्‌च्या घरातला मुलगा सॅक्सोफोनकडे!

जर्मनी आणि तमिळ मुलूख यांचं नातं मात्र या बँडपेक्षा फार जुनं आहे, आणि त्यात एक मराठी राजा मधोमध उभा आहे. वेलचेरीला लागून आयआयटी मद्रासचं आवार आहे. त्या आवाराचं एक फाटक वेलचेरीच्या बाजूला उघडतं. ही संस्था १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभी राहिली, तिथून यंत्रं आणि प्राध्यापक आले, इथले अध्यापक तिकडे शिकायला गेले. पण त्याच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधी तंजावूरच्या तुळजाजी राजांनी आपला दत्तक मुलगा ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीत दिला. तो मुलगा म्हणजे सरफोजी. घराण्यातल्या भांडणामुळे त्याला काही काळ मद्रासला ठेवलं होतं, तिथे गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्याने त्याला शिकवलं. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या भोसले राजाच्या दरबारात पाश्चात्त्य बँड होता, पाश्चात्त्य स्वरलिपी होती आणि कर्नाटक संगीतही होतं. याच दरबारात वाढलेल्या तंजावूरच्या चार भावांतला वडिवेलू आणि कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांच्यामुळे युरोपचं व्हायोलिन कर्नाटक मैफलीत आलं आणि मांडी घालून बसलं. आज चेन्नईच्या मार्गळी महिन्यात व्हायोलिनशिवाय गाण्याची मैफल क्वचितच होते. पाश्चात्त्य वाद्य आपलं म्हणून वाजवण्याचा हा सराव दक्षिणेला एम्ब्रियो येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. म्हणूनच म्युनिकचे लोक बंगळूरला आले तेव्हा समोरच्यांना ते परके वाटले नसावेत.

बंगळूरला त्यांची गाठ पडली ती कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनशी. टी. ए. एस. मणी या मृदंगवादकांनी १९६४ मध्ये ही संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नी आर. ए. रमामणी गायिका. घटम्, खंजिरी, मोरसिंग असा तालवाद्यांचा मेळा, आणि जोडीला तोंडाने म्हणायचं कोन्नकोल. इथे रॉकच्या माणसाला काय मिळालं असेल?

रॉकचा पाया चार मात्रांचा. एक, दोन, तीन, चार; दोन नि चारवर टाळी. क्राउटरॉकच्या कित्येक बँडनी तर हा चारचा ठेका गाडीच्या चाकांसारखा न थांबता फिरवत ठेवला. कर्नाटक पद्धतीत मात्र गणिताचा पहिला धडा पाच जातींचा असतो: तिस्र म्हणजे तीन, चतुरस्र चार, खंड पाच, मिश्र सात, संकीर्ण नऊ. आणि हे आकडे हातात यायच्या आधी तोंडात येतात. तबल्याचे बोल आपण मराठी घरांत ऐकत आलो, ‘धा धिं धिं धा’ म्हणायला आपल्याला शिकवावं लागत नाही. कोन्नकोल त्याच कुळातलं, पण ते नुसतं पाठांतर नाही, मंचावर म्हणायची स्वतंत्र कला आहे. सात म्हणजे ‘तकिट तकधिमी’, तीन अधिक चार. पाच म्हणजे ‘तक तकिट’, दोन अधिक तीन. हातावर आदितालाच्या आठ मात्रा चालू ठेवायच्या आणि तोंडाने ‘तकिट तकिट’ म्हणत राहायचं. तीनचे तुकडे आठच्या आवर्तनात बसत नाहीत. ते घसरत घसरत पुढे जातात, आणि आठ वेळा म्हणून झालं की चोवीस मात्रांनंतर, बरोबर तीन आवर्तनांनी, तोंड आणि हात पुन्हा एकत्र येतात. मधला सगळा काळ ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो.

किंवा आपल्याच तिहाईचं गणित घ्या. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की पंधरा मात्रा होतात. सोळा मात्रांच्या आवर्तनात तो दुसऱ्या मात्रेवरून उचलला, की सोळावीवर संपतो आणि पुढे सम हात जोडून उभी असते. हे एकदा समजलं की ड्रमवाल्याच्या डोक्यातली भिंत कोसळते. ड्रम हे ठेका धरायचं वाद्य राहत नाही. ते बोलायला लागतं. बुर्खार्ड आयुष्यभर विषम मात्रांच्या मागे का लागला, याचं उत्तर मला या ‘तकिट’मध्ये सापडतं.

मारियानोनेही या संस्थेचा हात धरला. १९८३ मध्ये त्याने आणि कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनने मिळून जर्मनीच्या ईसीएम कंपनीसाठी ‘ज्योती’ ही तबकडी केली. त्यात सॅक्सोफोन रमामणींच्या गळ्यामागे चालतो, पुढे नाही. पश्चिमेच्या पॉप संगीतात १९६५ पासून सतारीची फॅशन आली होती. गाणं त्यांचं, नि वर झालर म्हणून सतारीची तार. एम्ब्रियोच्या वर्तुळातल्या लोकांनी बहुधा झालर लावली नाही. यजमानाच्या घरात यजमानाचं गाणं चालू असेल तर आपण साथीला बसायचं, ही त्यांची रीत. याच कारणाने त्यांच्या तबकड्या कमी खपल्या असतील, आणि याच कारणाने त्या अजून ताज्या वाटतात असं मला वाटतं.

पण या गोष्टीतले सगळेच प्रवासी पश्चिमेकडून आलेले नव्हते. एम्ब्रियोबरोबर वाजवणाऱ्या, त्यांच्या ध्वनिमुद्रणांत असणाऱ्या वादकांत मुंबईचे त्रिलोक गुर्टू आहेत. १९५१ चा जन्म. आई शोभा गुर्टू. माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ठुमरी, दादरा, कजरी म्हटलं की शोभाताईंचं नाव येतंच, आणि मराठी माणसाच्या कानात ‘सामना’, ‘लाल माती’ या चित्रपटांतला त्यांचा आवाजही असतो. अशा घरात त्रिलोक तबल्यावर वाढले आणि एकीकडे जिमी हेंड्रिक्सच्या तबकड्या ऐकत राहिले. स्टुडिओत एकाच वादकाचे थर एकावर एक चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, जे ऐकू येतंय ते सगळं एकच माणूस एका वेळी वाजवतोय; मग आपल्यालाही यायला हवं! त्यांनी स्वतः सांगितलेली ही आठवण आहे, आणि त्यांचा मंच पाहिला की ती पटते. ते जमिनीवर बसतात. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ड्रमचा संच, आणि शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवून ती पाण्यात बुडवायची, की सूर वाकतो, खाली घसरतो, तरंगतो. शंख-शिंपल्यांचा खळखळाट त्याच बादलीत. लहानपणीचा तो गैरसमज त्यांनी आयुष्यभर खरा करून दाखवला.

१९८८ मध्ये त्यांनी जर्मनीतून ‘उस्फ्रेत’ ही आपली तबकडी काढली आणि तिच्यात शोभाताईंचा आवाज घेतला. साथीला डॉन चेरीचं ट्रंपेट, राल्फ टाउनरची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन. बेळगाव-गोव्याच्या कलावंत घराण्यातल्या गायिकेचा गळा आणि ऑर्नेट कोलमनच्या साथीदाराचं ट्रंपेट एकाच तबकडीवर! त्या वेळी ठुमरी ऐकणाऱ्यांतल्या किती जणांपर्यंत ती पोचली असेल, हा विचार मला अजून हुरहुर लावतो. शोभाताईंना २००२ मध्ये पद्मभूषण मिळाला आणि २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावर लिहिताना या तबकडीचा उल्लेख राहून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

या वाटेवर त्यांच्याही आधी एक मराठी पाऊल पडलेलं आहे. मुंबईहून लंडनला गेलेले तबलावादक केशव साठे १९६७ च्या ऑक्टोबरात काळ्या अरण्याच्या कडेला असलेल्या फिलिंगन गावी पोचले. जर्मनीचे मोठे जॅझ समीक्षक योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांनी तिथे ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही तबकडी घडवून आणली. देवन मोटिहार यांची सतार, साठ्यांचा तबला आणि समोर युरोपच्या मुक्त जॅझमधली इरेने श्वाइत्सर, मान्फ्रेड शूफ यांच्यासारखी मंडळी. साठे पुढे इंग्लंडच्या लोकसंगीतातही जॉन रेनबोर्नबरोबर रमले. तबल्याच्या इतिहासात घराण्यांच्या गादीवरच्या उस्तादांवर पानंच्या पानं आहेत. परगावी जाऊन कोणाच्याही पंगतीत शांतपणे बसणाऱ्या साठ्यांवर मराठीत एखादं छोटं पुस्तक तरी हवं.

आणि चेन्नई? रमेश शोथम यांचा जन्म १९४८ चा, मद्रासचा. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांचे गिटारवादक भाऊ सुरेश यांनी मिळून ह्यूमन बाँडेज हा बँड काढला. भारतात रॉकच्या तबकड्या मिळणं जिथे दुरापास्त होतं, चांगले अँप्लिफायर मिळणं त्याहून अवघड, तिथे हा बँड शहराशहरांत वाजवत फिरला. ड्रमचा संच घेऊन वाढलेला हा मद्रासी तरुण नंतर बंगळूरच्या त्याच कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनमध्ये गेला आणि तविल शिकला.

तविल म्हणजे नागस्वरम्‌चा सावलीसारखा सोबती. दंडीश्वराच्या देवळात मी वादकाच्या उजव्या हाताकडे बघत राहते. फणसाच्या लाकडाचं पिंप, दोन्ही तोंडांना ताणलेलं कातडं. डाव्या हातात जाडजूड आखूड काठी. उजव्या हाताच्या बोटांना कडक टोप्या. कापडाच्या पट्ट्या भाताच्या खळीत भिजवून बोटांवर गुंडाळून वाळवलेल्या. वाजवण्याआधी वादक त्या एकेक करून अशा बेताने चढवतो, की शेजारचं पोर श्वास रोखून बघतं. त्या टोप्यांनी कातड्यावर टकटक सुरू झाली की तबल्याची नजाकत आणि ताशाची तडतड एकत्र कानावर येते. मिरवणुकीत अर्धा मैल लांबून ऐकू जावं म्हणून घडलेलं हे वाद्य. ड्रमवाल्याला ते का भुलवणार नाही?

शोथम १९८० च्या सुमारास जर्मनीला गेले, कोलोनला स्थायिक झाले, एम्ब्रियोबरोबर वाजवू लागले आणि पुढे आपल्या एका चमूचं नाव त्यांनी ठेवलं ‘मद्रास स्पेशल’. पश्चिमेच्या ड्रमवरून तविलकडे, आणि तविल घेऊन पश्चिमेकडे. मारियानोही अखेरीस कोलोनलाच राहत होता. २००९ मध्ये तो तिथेच गेला.

भारताच्या प्रवासानंतर तांडा फुटला, पण तुटला नाही. एम्ब्रियोचा बेसवादक उवे म्युलरिख आणि फ्रीडो योश यांनी मार्लोन क्लाइनला घेऊन १९८१ मध्ये डिसिडेंटन हा नवा बँड काढला. त्यांच्या पहिल्याच ‘जर्मनिस्तान’ या तबकडीवर पुन्हा कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन आहे. पुढे मोरोक्कोच्या टांजिअरमध्ये केलेल्या ‘सहारा इलेक्ट्रिक’मुळे त्यांना ते यश मिळालं, जे एम्ब्रियोच्या वाट्याला कधी आलं नाही, ‘फाता मोर्गाना’ हे त्यातलं गाणं युरोपभर नाचघरांत वाजलं. गिटारवाला रोमान बुंका अरबी ऊदच्या प्रेमात पडला, कैरोत राहून इजिप्तच्या गायकांबरोबर वाजवू लागला. बुर्खार्ड मात्र एम्ब्रियो धरून राहिला. कधी नायजेरियाच्या योरुबा ढोलवाल्यांबरोबर, कधी मध्य आशियातल्या वादकांबरोबर. व्हायब्राफोनच्या जोडीला त्याने संतूरसारखं हातोड्यांनी वाजवायचं तंतुवाद्यही जवळ केलं. २०१६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, २०१८ च्या जानेवारीत तो गेला. त्याची मुलगी मार्या बुर्खार्ड लहानपणापासून या तांड्यातच वाढलेली. आता बँड तीच चालवते, आणि २०२१ ची त्यांची ‘आउफ आउफ’ ही तबकडी मॅडलिब या अमेरिकन हिपहॉप निर्मात्याच्या कंपनीने काढली.

ऐकायचं असेल तर ‘एम्ब्रियोज रायझे’ने सुरुवात करू नका. ती दुहेरी तबकडी ओबडधोबड आहे, वाटेतली आहे, काही ठिकाणी वादक एकमेकांना शोधतायत हे स्पष्ट कळतं. आधी ‘वी कीप ऑन’ घ्या, नागस्वरम् कुठे येतं तिकडे कान ठेवा. मग ‘ज्योती’, हेडफोन लावून, रमामणींचं कोन्नकोल बोटांवर मोजत. मग ‘उस्फ्रेत’, शोभाताईंसाठी. एवढं झालं की ‘रायझे’ लावा आणि पेंझेलचा ‘वागाबुंडेन काराव्हाने’ हा १९८० चा चित्रपट मिळाला तर तोही पाहा. काबूलच्या तेव्हाच्या रस्त्यांवर, तिथल्या वादकांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा बराच वेळ थांबतो. घाई न करता तेवढाच वेळ तुम्हीही थांबा.